उद्यापन नसलेले चार रविवार : आगमनकाळाचा एक प्रार्थनासंच

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी, ख्रिस्तराजाच्या सणाची मिस्सा (कॅथलिकांची मुख्य उपासना) संपल्यानंतर, कोल्हापुरातील आमच्या चर्चच्या आवारात धर्मग्रामातील महिलांनी मांडलेल्या टेबलावरून मी एक संच विकत घेतला. एक लोखंडी रिंग, तीन जांभळ्या आणि एक गुलाबी अशा चार मेणबत्त्या, आणि कॅथलिक श्रद्धेपासून दूर गेलेल्या आपल्या माणसांसाठी रोज संध्याकाळी म्हणावयाच्या प्रार्थनांची छत्तीस पानी पुस्तिका, एवढे त्यात होते. किंमत चारशे वीस रुपये. रिंग एकदाच घ्यायची आणि पुढच्या वर्षी एकशे वीस रुपयांत नुसत्या मेणबत्त्या न्यायच्या, अशी सोय आहे. ३० नोव्हेंबरपासून २४ डिसेंबरपर्यंत, म्हणजे नाताळच्या तयारीचा जो आगमनकाळ, त्याच्या यंदाच्या सर्व पंचवीस संध्याकाळी, मी तो संच वापरला, आणि त्यानंतरच हे लिहीत आहे. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला निघताना ‘ती येणार आहे का’ हा प्रश्न ज्या घरात आता कोणी मोठ्याने विचारत नाही, त्या घरांना या परीक्षणाचा काही उपयोग व्हावा, एवढीच अपेक्षा आहे.

माझ्या प्रार्थनेत दोन नावे होती. पहिले माझ्या धाकट्या भावाचे. लग्नानंतर तो पत्नीबरोबर तिच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे एका प्रोटेस्टंट पंथाच्या, चर्चमध्ये जाऊ लागला आणि तिथेच रमला. दुसरे माझ्या मुलीचे. ती पुण्यात नोकरी करते आणि गेली सहा वर्षे ती कोणत्याच चर्चमध्ये जात नाही, आपला विश्वास उरलेला नाही असे शांतपणे सांगते. ही दोन दुःखे एका मापाची नाहीत, आणि पुस्तिकेचा पहिला दोष हा की ती दोन्ही एकाच मापाने मोजते. त्याकडे मी पुढे येतो.

आधी वस्तूविषयी. रिंग उद्यमनगरातील एका वर्कशॉपमध्ये करून घेतलेली आहे, असे टेबलावरच्या बाईंनी सांगितले, आणि ते हाताला लगेच जाणवते. वेल्डिंगचे सांधे घासून गुळगुळीत केलेले आहेत, चारही वाट्या एका पातळीत आहेत, आणि वजन एवढे आहे की नातवंडांचा धक्का लागूनही ती कलंडत नाही. काळा रंग मात्र नीट वाळू न देता पिशवीत भरला असावा. पहिल्या दोन दिवशी मेणाच्या वासाऐवजी ऑइल पेंटचाच वास दरवळत होता. हिरवाईसाठी पुस्तिकेत पाईनच्या फांद्या सुचविल्या आहेत. कोल्हापुरात त्या कुठून आणायच्या, हे सुचविणाऱ्यालाच ठाऊक. मी सुरूच्या फांद्या लावल्या. त्या दिसतात छान, पण चौथ्या दिवशी वाळून कोळ होतात आणि जळत्या मेणबत्तीजवळ वाळलेली सुरू ठेवणे म्हणजे आगीला आमंत्रण आहे. ओल्या काथ्यात फांद्या खोचून दर रविवारी त्या बदलणे हा उपाय मला सापडला. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीत त्याला दोन ओळी मिळाव्यात.

मेणबत्त्यांचा हिशेब मात्र चुकलेला आहे, आणि तो कोणीही बसून मांडला असता तर चुकला नसता. पहिल्या रविवारी एक, दुसऱ्या रविवारी दोन, असे करीत चौथ्या रविवारी चारही पेटवायच्या, ही पद्धत सर्वांना माहीत आहे. यंदा रविवार ३० नोव्हेंबर, ७, १४ आणि २१ डिसेंबर या तारखांना आले. त्यामुळे पहिली मेणबत्ती पंचवीस संध्याकाळी जळते, दुसरी अठरा, तिसरी अकरा आणि चौथी केवळ चार. रोजच्या प्रार्थनेला वीस मिनिटे धरली, तर पहिलीला आठ तास वीस मिनिटे पुरावे लागते आणि चौथीला दीड तासाच्याही आत काम संपते. चारही मेणबत्त्या सात इंचांच्या असल्यामुळे माझी पहिली मेणबत्ती १८ डिसेंबरलाच वाटीच्या तळाशी गेली, आणि उरलेले सहा दिवस कोपऱ्यावरच्या दुकानातली पांढरी मेणबत्ती तिच्या जागी उभी राहिली. आगमनकाळ दरवर्षी सारखाही नसतो; २०२२ साली तो पूर्ण अठ्ठावीस दिवसांचा होता, आणि २०२३ साली बावीस दिवसांचाच, कारण चौथा रविवार २४ डिसेंबरलाच आला होता. तेव्हा पहिली मेणबत्ती जाड किंवा दुप्पट उंच असावी, हे उघड आहे. गुलाबी मेणबत्ती तडकलेली निघाली होती. पुढच्या रविवारी ती दाखवताच काहीही न विचारता दुसरी मिळाली. विक्रीनंतरची अशी सेवा मोठ्या दुकानांतूनही क्वचितच पाहायला मिळते.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मेणबत्त्यांचे हे चक्र ‘ख्रिस्तसभेची प्राचीन परंपरा’ असल्याचे छापले आहे. ते बरोबर नाही. योहान हिन्रिख विखर्न हे लूथरन (म्हणजे प्रोटेस्टंटच) धर्मोपदेशक जर्मनीतील हॅम्बुर्ग येथे निराधार मुलांचे वसतिगृह चालवीत असत. नाताळ कधी येणार म्हणून मुले सारखी विचारीत, तेव्हा त्यांनी १८३९ साली गाडीच्या एका चाकावर रविवारांसाठी मोठ्या आणि इतर दिवसांसाठी लहान मेणबत्त्या लावल्या. कॅथलिक घरांत आणि चर्चमध्ये ही प्रथा शिरली ती विसाव्या शतकात. हे मी भावाला फोनवर सांगितले, तेव्हा तो खूप हसला आणि म्हणाला, “दादा, म्हणजे माझ्यासाठी प्रार्थना करायला तुम्ही आमच्याच लोकांचं चाक वापरताय.” मला त्या हसण्याचा राग आला नाही, आणि राग आला नाही याचे मला नवल वाटले.

भावासारख्या माणसांच्या बाबतीत पुस्तिका कमी पडते ती याच ठिकाणी. कोल्हापूर हे गावच असे आहे की इथे ख्रिस्ती म्हटले की लोकांना आधी प्रेस्बिटेरियन आठवतात. रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली इथे आले आणि त्यांच्या नावाचे चर्च आजही शहरात उभे आहे. आम्ही कॅथलिक त्यामानाने मूठभर. अशा गावात दोन पंथांमध्ये सोयरिकी होतात, आणि नवरा-बायकोपैकी एकाला दुसऱ्याच्या चर्चची वाट धरावी लागते. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली ख्रिस्ती ऐक्याविषयी जो आदेश काढला, त्यात इतर चर्चमध्ये स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) होऊन वाढलेल्यांना आम्ही बंधू मानतो असे स्वच्छ म्हटले आहे. माझा भाऊ कॅथलिक म्हणून वाढून तिकडे गेला, तेव्हा त्याची गोष्ट अगदी तीच नाही, आणि ख्रिस्तप्रसादाच्या मेजाशी तो माझ्या शेजारी नसतो याचे दुःख मला आहेच. तथापि जो माणूस दर रविवारी येशूचेच नाव घेतो, त्याच्यासाठी ‘शत्रूच्या तावडीतून सोडव’ अशी प्रार्थना माझ्या जिभेवर येईना. ते पान मी गाळले.

‘हरवलेले मेंढरू’ हा शब्दप्रयोग पुस्तिकेत पानोपानी येतो, आणि त्याविषयीही तक्रार आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात मेंढराचा दाखला आहे हे खरे. त्यात मेंढपाळ रानात जाऊन मेंढरू शोधतो आणि खांद्यावर घालून आणतो. परंतु त्याच अध्यायात पुढे घर सोडून दूर देशी गेलेल्या मुलाचा दाखला आहे, आणि तिथे बाप दूर देशी जात नाही, माणसे पाठवत नाही, निरोपही धाडत नाही. तो वाट पाहतो. मुलगा दूर असतानाच तो त्याला दिसतो, याचा अर्थ बापाचे डोळे रस्त्यावर लागलेले होते. मेंढराला उचलून आणता येते. बत्तीस वर्षांच्या, स्वतःच्या पायांवर उभ्या असलेल्या मुलीला उचलून आणता येत नाही, आणि आणू पाहणाऱ्या बापाचे काय होते हे मला चांगले ठाऊक आहे. संकलन करणाऱ्यांनी मेंढरू वगळून बाप ठेवला असता, तर पुस्तिका अधिक खरी झाली असती.

आता तिच्या गुणांविषयी, आणि ते थोडे नाहीत. पहिल्या आठवड्याच्या आरंभी चौकटीत एक नियम दिला आहे : या काळात ज्या व्यक्तीसाठी प्रार्थना करीत आहात, तिला धर्माविषयी एकही संदेश, चित्रफीत किंवा प्रवचन पाठवू नये आणि आपण प्रार्थना करीत आहोत हेही मुद्दाम कळवू नये. चारशे वीस रुपयांपैकी निम्मी किंमत मी या चौकटीची धरतो. (भावाला फोन करून मी ती मोडली, हे मान्य आहे, विखर्न यांची हकिकत पोटात राहिली नाही.) मुलीला मात्र पंचवीस दिवस काहीही पाठवले नाही. त्यापूर्वी दर रविवारी मिस्सेवरून आल्यावर मी तिला कोणाचे ना कोणाचे प्रवचन पाठवीत असे, आणि दोन निळ्या खुणा उमटल्या की ते ऐकले गेले अशी स्वतःची समजूत घालीत असे. दुसऱ्या आठवड्यात तिचाच फोन आला. “पप्पा, तब्येत बरी आहे ना?” असे तिने विचारले. रविवारी काही आले नाही म्हणून तिला काळजी वाटली होती.

दुसऱ्या आठवड्यातील मजकूर हा या संचातील सर्वांत चांगला भाग आहे. आगमनकाळाचे जांभळे वस्त्र हे तयारीचे आणि पश्चात्तापाचे आहे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. परंतु हा पश्चात्ताप दूर गेलेल्याने करायचा आहे असे गृहीत धरून आपण वागतो. पुस्तिका तसे करू देत नाही. त्या आठवड्याचे सातही दिवस प्रार्थना करणाऱ्याच्याच दोषांविषयी आहेत, आणि बुधवारच्या पानावर कोऱ्या ओळी ठेवून असे सांगितले आहे की, त्या व्यक्तीला श्रद्धेपासून दूर लोटणारे आपले स्वतःचे एक वाक्य आठवून येथे लिहावे. मी पहिल्या दिवशी काहीच लिहू शकलो नाही. दुसऱ्या दिवशी ‘असले प्रश्न विचारायचे नसतात’ असे लिहिले. मुलगी बारावीत असताना तिच्या वर्गातली एक मैत्रीण तापाने गेली. देवाने तिला का नेले, असे मुलीने जेवताना विचारले होते, आणि मी वरणभात कालवता कालवता हे उत्तर दिले होते. पुढचे कित्येक महिने ती मिस्सेला येत होती, परंतु तिने पुन्हा काही विचारले नाही, आणि मी ते समाधानाचे लक्षण समजलो होतो. ते वाक्य घेऊन मी शनिवारी पापनिवेदनाला गेलो. याहून अधिक येथे लिहिणे उचित नाही.

संत मोनिका यांच्यावरचे प्रकरण अर्थातच आहे, आणि अशा पुस्तिकांत ते नेहमी जसे असते तसेच आहे : आईने अश्रू ढाळले आणि मुलगा परत आला. मूळ हकिकत याहून कितीतरी खडबडीत आहे, आणि ती त्या मुलाने, म्हणजे संत ऑगस्टीन यांनी, स्वतःच लिहून ठेवलेली आहे. मुलगा मनीपंथीयांच्या, म्हणजे मनी नावाच्या गुरूच्या अनुयायांच्या, नादी लागला, तेव्हा मोनिका एका बिशपकडे गेल्या आणि त्याला समजावा म्हणून विनवू लागल्या. बिशपांनी नकार दिला. तो सध्या ऐकण्याच्या मनःस्थितीत नाही, त्याला राहू द्या, फक्त प्रभूजवळ त्याच्यासाठी मागा, वाचता वाचता त्यालाच कळेल, असे ते म्हणाले. कारण ते स्वतःही लहानपणी त्याच पंथात वाढले होते आणि वाचूनच बाहेर पडले होते. मोनिका ऐकेनात, तेव्हा काहीशा वैतागाने त्यांनी ते प्रसिद्ध वाक्य उच्चारले की, अशा अश्रूंचा पुत्र नष्ट होणे शक्य नाही. पुस्तिकेत वाक्य आहे, वैताग नाही आणि सल्लाही नाही. पुढची गोष्टही त्यात नाही : मुलगा रोमला जाऊ नये म्हणून मोनिका कार्थेजच्या किनाऱ्यापर्यंत त्याला बिलगून राहिल्या, तेव्हा त्याने खोटे सांगून त्यांना जवळच्या प्रार्थनास्थळात रात्र काढायला लावली आणि तो त्याच रात्री जहाजात बसून निघून गेला. आई आत प्रार्थना करीत होती, आणि तो जाऊ नये हेच ती मागत होती. तो रोमहून मिलानला गेला, तिथे त्याला तिथले बिशप अँब्रोज भेटले, आणि ३८७ सालच्या ईस्टरच्या रात्री त्याचा स्नानसंस्कार झाला. आईची त्या रात्रीची प्रार्थना फेटाळली गेली नसती, तर मिलान घडलेच नसते. धीराने प्रार्थना करू पाहणाऱ्या माणसाला हीच बाजू कळायला हवी, आणि नेमकी तीच गाळलेली आहे.

तिसरा रविवार हा आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा. यंदा त्या दिवशीचे दुसरे वाचन याकोबाच्या पत्रातले होते : शेतकरी भूमीच्या मोलाच्या पिकासाठी पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत धीर धरतो, तसा तुम्हीही धरा. पुस्तिकेने या वाचनावर एक साधासा परिच्छेद देऊन हात झटकले आहेत, याचे वाईट वाटते, कारण कोल्हापूर जिल्ह्यात या ओळी जितक्या समजतील तितक्या फार थोड्या ठिकाणी समजत असतील. गडहिंग्लजकडे माझ्या मामेभावाचा आडसाली ऊस आहे. २०२४ च्या जुलैत केलेली लावण या डिसेंबरात तोडीला आली. सतरा महिने त्या पिकाने दोन पावसाळे अंगावर घेतले, आणि एवढे झाल्यावरही कारखान्याकडून तोड कधी मिळेल हे त्याच्या हातात नव्हते. तो रोज बांधावर जाऊन उभा राहत असे. पाला ओढून पेर लांबवण्याचा प्रयत्न त्याने कधी केल्याचे मी ऐकलेले नाही.

१७ डिसेंबरपासून २३ डिसेंबरपर्यंतच्या सात पानांत सायंप्रार्थनेतील सात प्राचीन आळवण्या दिल्या आहेत, आणि त्यांचे भाषांतर पुस्तिकेतील इतर मजकुरापेक्षा फारच सरस उतरले आहे. बहुधा ते दुसऱ्या हातचे असावे. हे प्रज्ञे, हे प्रभो, हे इशायाच्या मुळा, हे दाविदाच्या किल्ली, हे उदयसूर्या, हे राष्ट्रांच्या राजा, हे इम्मानुएला. या सात नावांची लॅटिनमधली आद्याक्षरे शेवटाकडून वाचली, तर ‘एरो क्रास’, म्हणजे ‘उद्या मी असेन’, असे शब्द तयार होतात, ही माहिती तळटिपेत आहे आणि ती मला आवडली. २० तारखेची आळवण किल्लीची : तू उघडतोस ते कोणी बंद करीत नाही, तू बंद करतोस ते कोणी उघडत नाही. मुलीच्या दारावर इतकी वर्षे हात आपटणाऱ्याला ती किल्ली आपल्याकडे नाही हे म्हणताना, खरे सांगायचे तर, बरेच हलके वाटते.

आणि इथवर आणून ठेवल्यावर शेवटच्या पानाने सगळ्यावर पाणी फिरवले आहे. त्या पानावर सोनेरी चौकटीत ‘माझी प्रार्थना सफळ झाली’ असे शीर्षक आहे, खाली त्या व्यक्तीचे नाव आणि ती मिस्सेला परत आल्याची तारीख लिहिण्यासाठी जागा आहे, आणि पान भरून नाताळच्या मिस्सेत अर्पण करावे अशी सूचना आहे. आमच्या शेजारी मार्गशीर्षातले गुरुवार असतात. यंदा तेही चारच होते, २७ नोव्हेंबरपासून १८ डिसेंबरपर्यंत. शेजारच्या वहिनी दर गुरुवारी घट मांडतात, कहाणी वाचतात आणि शेवटच्या गुरुवारी सवाष्णींना बोलावून उद्यापन करतात. अंबाबाईच्या गावात हे सर्वांच्या परिचयाचे आहे, आणि व्रताला उद्यापन असते हे त्या व्रताच्या रचनेतच आहे. आमच्या या प्रार्थनेला मात्र उद्यापन नाही. २४ डिसेंबर ही प्रभूच्या जन्माच्या पूर्वसंध्येची तारीख आहे, माझ्या मुलीला घालून दिलेली मुदत नव्हे. पंचवीस दिवस ‘तिला तिच्या वाटेने चालू दे आणि तू तिच्याबरोबर चाल’ असे म्हणायला शिकवून, शेवटी कोरी तारीख पुढे करणे म्हणजे प्रार्थनेचा नवस करणे होय. आणि ज्यांची जागा कोरी राहील, त्यांनी ते पान नाताळच्या वेदीपाशी कसे न्यावे, याचा विचार झालेला दिसत नाही. त्या रात्री टोपलीत चार-पाचच कागद होते, हे मी पाहिले. मी टेबलावरच्या बाईंना हे सर्व सांगितले. त्यांनी ऐकून घेतले, पहिली मेणबत्ती जाड करण्याचे लगेच मान्य केले, आणि शेवटच्या पानाविषयी “फादरांना विचारते” असे म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी सांगितले की, त्यांच्या स्वतःच्या पुस्तिकेतही ते पान कोरेच आहे, तिसऱ्या वर्षी.

तेव्हा संच घ्यावा, असेच माझे मत आहे. रिंग आयुष्यभर टिकेल, मेणबत्त्या सुधारतील अशी आशा आहे, आणि पुस्तिकेतील दुसऱ्या आठवड्यासाठी व पहिल्या चौकटीसाठी चारशे वीस रुपये जास्त नाहीत. शेवटचे पान घरी आणताच कात्रीने कापावे. ज्यांचा माणूस दुसऱ्या चर्चमध्ये गेला आहे, त्यांनी ‘शत्रूची तावड’ असलेली पाने गाळून त्या जागी प्रभूची प्रार्थना म्हणावी. ती दोन्हीकडे तीच आहे.

मुलगी २६ डिसेंबरला दोन दिवसांसाठी आली. रिंग टेबलावरच होती. तिने सुरूची वाळलेली पाने वेचली, वाट्यांतले मेण नखाने खरवडले, आणि चारच दिवस जळालेली चौथी मेणबत्ती जवळजवळ अख्खी आहे हे पाहून ती पुण्याला नेऊ का, असे विचारले. तिच्या फ्लॅटवर लाईट जाते. मी मेणबत्ती वर्तमानपत्रात गुंडाळून तिच्या बॅगेत ठेवली. पुस्तिका कपाटात होती, ती तिथेच राहिली.